दक्षिण आफ्रिकेचा अभ्यासदौरा: संस्कृती, व्यवसाय आणि विषमता दहा दिवसांत कशी बसवायची?

प्रश्न थोडक्यात असा: व्यवस्थापन शाखेच्या वीस-बावीस विद्यार्थ्यांना जूनमध्ये दहा दिवसांसाठी दक्षिण आफ्रिकेला न्यायचं आहे. विषय संस्कृती, व्यवसाय आणि विषमता असे ठरले आहेत. टूर कंपनीने दिलेल्या कार्यक्रमात मात्र सफारी, टेबल माउंटन, वाइन टेस्टिंग आणि ‘टाउनशिप भेट – दोन तास’ एवढंच आहे. (टाउनशिप म्हणजे तिथे वर्णद्वेषाच्या काळात काळ्या लोकांसाठी शहराच्या कडेला राखलेली वस्ती.) याचा अभ्यासदौरा कसा करायचा?

पहिलं काम म्हणजे ते दोन तास खोडून टाका. बसच्या काचेतून पत्र्याची घरं पाहायची, एका अंगणात नाच बघायचा, मुलांना चॉकलेटं वाटायची आणि परत यायचं, यातून विद्यार्थी एवढंच शिकतात की गरीब लोक हसतमुख असतात. शिवाय तीन विषयांना तीन वेगळे दिवस देऊ नका. त्या देशात हे तिन्ही विषय एकाच रस्त्यावर सापडतात, आणि तो रस्ता बहुतेक वेळा मोजता येतो.

मोजता येतो हे शब्दशः घ्या. १९१३च्या जमीन कायद्याने बहुसंख्य काळ्या लोकांसाठी देशाची साधारण ७ टक्के जमीन राखली, १९३६ मध्ये ती मर्यादा १३ टक्क्यांच्या आसपास नेली. १९५०च्या ‘ग्रुप एरियाज’ कायद्याने शहरांतही कोणी कुठे राहायचं हे वंशानुसार ठरवलं. आपल्याकडे गावकुसाबाहेरची वस्ती रूढीने आखली, तिथे ती राजपत्रात नकाशासह छापून आखली. १९९४ मध्ये मतदानाचा हक्क सर्वांना मिळाला, पण घरं, रस्ते आणि कारखाने जागचे हलले नाहीत. म्हणून आजही घर ते काम हे अंतर, त्याला लागणारा वेळ आणि भाडं हे तिथल्या विषमतेचं सगळ्यात प्रामाणिक माप आहे. जागतिक बँकेच्या २०१४च्या आकडेवारीत या देशाचा जिनी निर्देशांक (शून्य म्हणजे पूर्ण समानता, शंभर म्हणजे पूर्ण विषमता) ६३ होता, म्हणजे जगातल्या सर्वाधिक आकड्यांपैकी एक. हा आकडा वर्गात सांगून ठेवा, पण दौरा त्याभोवती नाही, अंतराभोवती रचा.

म्हणजे काय? प्रत्येक दिवशी एका अंतराची दोन्ही टोकं पाहायची. सकाळी एक, दुपारी दुसरं. एका दिवशी सगळा श्रीमंत भाग आणि दुसऱ्या दिवशी सगळा गरीब भाग असं केलंत, तर मधल्या झोपेत संबंध तुटतो.

आता तयारी. जून हा तिथला हिवाळा. जोहान्सबर्ग समुद्रसपाटीपासून साधारण १,७५० मीटर उंचावर आहे, पहाटे पारा शून्याजवळ जातो आणि बऱ्याच हॉस्टेलांत खोल्या गरम करायची सोय नसते. महाबळेश्वरच्या हिशेबाने नेलेला स्वेटर पुरत नाही, जाड जाकीट सांगा. केपटाउनला हाच पावसाळा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जोहान्सबर्गला साडेपाचच्या आतच सूर्य मावळतो, म्हणून रस्त्यावरचं सगळं काम साडेचारला संपेल असं वेळापत्रक हवं. आपल्याकडच्यासारखं ‘सातपर्यंत फिरू’ तिथे चालत नाही. १६ जून ही सार्वजनिक सुट्टी आहे, जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या टाउनशिपमधल्या १९७६च्या विद्यार्थी उठावाची आठवण म्हणून. त्या दिवशी कंपन्या बंद असतात, पण सोवेटोत असण्यासाठी यापेक्षा चांगला दिवस नाही.

व्हिसाची कागदपत्रं दोन महिने आधी हातात घ्या. पासपोर्टमध्ये किमान दोन कोरी पानं लागतात. अर्ज, महाविद्यालयाचं पत्र, यजमान संस्थेचं आमंत्रण आणि विमा, या सगळ्यांत प्रवासाचा हेतू एकाच शब्दांत लिहा. एका कागदावर ‘पर्यटन’, दुसऱ्यावर ‘संशोधन’ आणि तिसऱ्यावर ‘इंटर्नशिप’ असेल तर अर्ज अडकतो, आणि एकाचा अडकला की गट अडकतो. अठरा वर्षांखालचं कोणी असेल तर जन्मदाखला आणि दोन्ही पालकांचं संमतीपत्र वेगळं ठेवा.

सगळ्यात जास्त गट फसतात ते पीतज्वराच्या लशीवर. दक्षिण आफ्रिकेत पीतज्वर नाही. पण मुंबईहून स्वस्त तिकीट बहुधा अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असतं आणि इथिओपिया आणि केनिया हे दोन्ही देश पीतज्वराच्या यादीत आहेत. तिथे बारा तासांहून जास्त थांबा झाला की जोहान्सबर्गला लशीच्या प्रमाणपत्राचं पिवळं कार्ड मागतात. विमान चुकलं तर चार तासांचा थांबा सहज बारा तासांवर जातो. भारतात परतताना तेच कार्ड विचारलं जाऊ शकतं, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण होऊ शकतं. लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते, तिथे नंबर लावावा लागतो आणि प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून लागू होतं. एकतर सगळ्यांना लस द्या, नाहीतर आखाती मार्गाचं तिकीट काढा. मधला मार्ग नाही.

पैशांबद्दल एकच सांगतो. परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ गोळा केलेला आयकर, कापला जातो आणि ज्याच्या पॅनवर पैसे भरले त्याच्या नावावर जमा होतो. वीस जणांचे पैसे एका प्राध्यापकाच्या खात्यातून भरलेत तर पुढचं वर्ष खुलासे देण्यात जाईल. प्रत्येक पालकाने आपापल्या पॅनवर भरावेत. रँडचा त्या वेळचा दर धरून हिशेब करा, हॉटेलात दहा टक्के टिप गृहीत धरा. आणि एक सुखद गोष्ट: आपल्या गीझर-एसीचा मोठा तीन गोल पिनांचा प्लग तिथल्या जुन्या सॉकेटमध्ये बसतो. प्रत्येक खोलीमागे तसा प्लग असलेला एक एक्स्टेन्शन बोर्ड न्या, वेगळे अडॅप्टर विकत घ्यायची गरज पडत नाही.

संख्या वीस विद्यार्थी आणि दोन शिक्षक अशीच ठेवा. बावीस आसनी गाडी आणि मागे सामानाचा ट्रेलर मिळतो. त्यापुढे गेलात की मोठी बस येते आणि ती वस्तीच्या गल्लीत शिरत नाही. वस्तीत एका मार्गदर्शकामागे दहापेक्षा जास्त विद्यार्थी नकोत, म्हणजे दोन मार्गदर्शक. ते त्याच वस्तीतले, नोंदणीकृत बिल्ला असलेले हवेत, आणि त्यांचं मानधन टूर कंपनीमार्फत नाही तर थेट द्या. कंपनीला आधीच विचारा की भेटीच्या शुल्कातले किती रँड वस्तीत पोचतात. हा प्रश्न विद्यार्थ्यांसमोर विचारा, कारण व्यवसायाचा पहिला धडा तिथेच मिळतो.

जाण्याआधी दोन-दोन तासांची पाच-सहा सत्रं घ्या. त्यातलं एक मात्र वर्गाबाहेर: तिकडे जी सरावाची कामं करायची (दुकानांतले भाव टिपणं, घर ते काम हे अंतर मोजणं), ती आधी आपल्या शहरात करायची. पुण्याचा गट असेल तर कोरेगाव पार्क आणि ताडीवाला रोड ही दोन टोकं चालत जाण्याइतकी जवळ आहेत. हे केलं नाही तर विद्यार्थी तिकडे जाऊन ‘बापरे, किती हा भेदभाव’ म्हणतात आणि आपल्या घरी भांडी घासणारी बाई कुठून, किती वाजता निघते हे त्यांना सांगता येत नाही.

जोहान्सबर्गला चार रात्री द्या. पोचल्या दिवशी काहीही जड ठेवू नका, विशेषतः वर्णद्वेष संग्रहालय. तिथे तिकिटावरच ‘गोरे’ किंवा ‘गोरेतर’ असं छापलेलं असतं आणि त्यानुसार वेगळ्या दारातून आत जावं लागतं. त्याला पूर्ण तीन तास लागतात आणि झोप न झालेला विद्यार्थी दीड तासातच बाकावर बसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी संग्रहालय, दुपारी कॉन्स्टिट्यूशन हिल. गांधी आणि मंडेला दोघांनाही जिथे कोंडलं होतं त्या तुरुंगाच्या आवारात आज देशाचं संविधान न्यायालय आहे, आणि पाडलेल्या बराकीच्याच विटा न्यायालयाच्या बांधकामात वापरल्या आहेत. इथे विद्यार्थ्यांना २०००चा ग्रूटबूम खटला आधी वाचायला लावा. घराचा हक्क घटनेत आहे, मग सरकारने किती घरं आणि किती वेगाने द्यायची, हा प्रश्न न्यायालयाने कसा हाताळला ते त्यात आहे. वाचून गेलं तर ती इमारत बोलते, नाहीतर फोटोची जागा होते.

तिसरा दिवस दौऱ्याचा कणा. सँडटन आणि अलेक्झांड्रा. एकीकडे शेअर बाजार, बँकांची मुख्यालयं, विमानतळाला पाऊण-एक तासाऐवजी पंधरा मिनिटांत पोचवणारी गौट्रेन. महामार्गाच्या पलीकडे, तीन-चार किलोमीटरवर, १९१२ मध्ये वसलेली अलेक्झांड्रा. जमीन कायद्याच्या एक वर्ष आधी वसली म्हणून इथे काळ्या लोकांना जमिनीची मालकी मिळालेली होती. शेअर बाजार १८८७चा, सोनं सापडल्यानंतरच्या वर्षीचा. बाजारात गेलात तर सादरीकरण ऐकून परतू नका, तीन प्रश्न ठेवा: इथे नोंदलेल्या मोठ्या कंपन्यांचा किती धंदा देशाबाहेर आहे, खाणींचा वाटा किती उरला, आणि कृष्णवर्णीय मालकीचे व्यवहार कर्जावर उभे राहिले तेव्हा शेअर पडल्यावर त्यांचं काय झालं.

याच दिवशी टोपलीचा सराव करायचा. चार-चार जणांचे पाच गट करा. दहा वस्तूंची यादी द्या: अडीच किलो मक्याचं पीठ, पावाचा एक लोफ, ७५० मिलिलिटर तेल, एक किलो साखर, लिटरभर दूध, सहा अंडी, मीठ, साबणाची वडी, चहा आणि मोबाइलचा एक जीबी डेटा. तीन गट सँडटनच्या सुपरमार्केटात, दोन गट मार्गदर्शकाबरोबर अलेक्झांड्रातल्या ‘स्पाझा’त, म्हणजे घराच्या पडवीतल्या किराणा दुकानात. किंमत रँडमध्ये नाही, तासांत लिहायची. मार्च २०२५ मध्ये किमान वेतन ताशी २८.७९ रँड होतं. दौऱ्याच्या वर्षी लागू असलेला दर घ्या आणि त्याने भागा. स्पाझात छोटी पुडी, सुटं अंडं, अर्धा पाव मिळतो आणि नगाला भाव जास्त पडतो. मोठं पाकीट स्वस्त असतं, पण ते आणायला जाण्या-येण्याचं टॅक्सीभाडं धरलं की चित्र बदलतं. ते भाडं धरायला विद्यार्थी हमखास विसरतात आणि दुकानदार लुटतो असा निष्कर्ष काढून मोकळे होतात.

दुकानदाराशी बोलताना जपा. बरेच स्पाझा सोमाली, इथिओपियन, बांगलादेशी आणि पाकिस्तानी लोक चालवतात. मे २००८ मधल्या परदेशी लोकांविरुद्धच्या हिंसाचाराची सुरुवात अलेक्झांड्रातच झाली होती, आणि २०२४च्या अखेरीस अन्नातून झालेल्या विषबाधेत मुलं दगावल्यावर सरकारने या दुकानांना नोंदणी सक्तीची केली. हातात वही घेऊन ‘परवाना आहे का?’ विचारणारा परका मुलगा त्या माणसाला अधिकाऱ्यासारखा वाटतो. आधी काहीतरी विकत घ्यायचं, मग भाव विचारायचा, आणि फोटो नाही.

‘स्टॉकव्हेल’वर अर्धा दिवस घालवलात तरी तो वाया जाणार नाही. ही आपली भिशीच. दरमहा ठरलेली रक्कम, आळीपाळीने उचल. काही मंडळं अंत्यविधीच्या खर्चासाठी, काही डिसेंबरमध्ये घाऊक किराणा घेण्यासाठी. घाऊक दुकानदार आणि बँका दोघंही त्यांच्या मागे असतात. इथे आपल्या मुलींना उत्तरं मिळतात, कारण त्यांच्या आईची भिशी असते आणि प्रश्न नेमके येतात: हप्ता चुकला तर काय, पहिली उचल कोणाला, वही कोण ठेवतं. या भेटीत मुलग्यांना मागे बसवा.

कंपनीभेटी दोनच ठेवा. त्याहून जास्त झाल्या की सगळ्या पॉवरपॉइंट एकमेकांत मिसळतात. एका भेटीत विषय बीईईचा, म्हणजे २००३च्या कायद्याने आलेल्या कृष्णवर्णीय आर्थिक सक्षमीकरणाचा. कंपनीला मालकी, व्यवस्थापन, कौशल्यविकास, पुरवठादार आणि समाजकार्य अशा पाच शीर्षकांखाली गुण मिळतात आणि पातळी ठरते, पहिली सगळ्यात वरची. सरकारी कंत्राटात या पातळीला महत्त्व असतं, म्हणून मोठी कंपनी आपल्या पुरवठादाराकडेही ती मागते आणि दाब खाली झिरपत जातो. आपल्याकडचं आरक्षण नोकरी आणि शिक्षणात आहे, हे मालकी आणि खरेदीत आहे. हा फरक कळला तर चर्चा ‘गुणवत्ता विरुद्ध आरक्षण’ या जुन्या विहिरीत पडत नाही. या कायद्यात ‘कृष्णवर्णीय’ या शब्दात तिथले भारतीय वंशाचे नागरिकही येतात, हे ऐकून विद्यार्थी चमकतात. चमकू द्या.

भारतीय वंशाच्या यजमानांचा मोह सांभाळून करा. शाकाहारी मुलांसाठी जोहान्सबर्गातला फोर्ड्सबर्ग हा भाग उत्तम आसरा आहे, डाळ-चपाती मिळते. पण जेवून तिथल्या ओरिएंटल प्लाझा या बाजारसंकुलात चक्कर मारा आणि ते का बांधलं ते सांगा: शेजारच्या पेजव्ह्यूमधून हुसकावलेल्या भारतीय व्यापाऱ्यांना १९७०च्या दशकात तिथे आणून बसवलं. दुसरीकडे, वर्णद्वेषाच्या उतरंडीत भारतीय मधल्या पायरीवर होते आणि १९८३च्या घटनेने त्यांना संसदेत वेगळं सभागृह दिलं, काळ्या बहुसंख्याकांना काहीच नाही. मधल्या पायरीवरच्या माणसाला वर काय दिसतं आणि खाली काय दिसतं, हे जातीच्या समाजातून आलेल्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही. फक्त दहा दिवस त्यांच्याच पाहुणचारात राहिलात तर देश त्यांच्याच डोळ्यांनी दिसेल.

सोवेटोत सायकलने किंवा पायी फिरा. विलकाझी रस्त्यावर मंडेला आणि टुटू असे दोन नोबेलविजेते राहत होते, जवळच १९७६च्या उठावात मारल्या गेलेल्या मुलाच्या नावाचं हेक्टर पीटरसन संग्रहालय आहे. पण तिथला अभ्यासाचा भाग वेगळा. २००७ मध्ये उघडलेला मापोन्या मॉल आणि डिपक्लूफ एक्स्टेन्शनचे बंगले पाहा, मग त्याच सोवेटोतली पत्र्याची घरं. १९९४ नंतर दरी काळ्या समाजाच्या आतही वाढली, ती इथे दिसते. येता-जाता सोवेटो आणि शहर यांच्या मध्ये पिवळट टेकड्या दिसतील. त्या टेकड्या नाहीत, सोन्याच्या खाणींतून काढलेली माती आहे.

केपटाउनला विमानाने दोन तास. देशांतर्गत तिकीट वेगळं काढलं असेल तर सामानाची मर्यादा कमी असू शकते, तेव्हा तेवढंच वजन घरून न्या. रॉबेन बेट, म्हणजे मंडेलांना कैदेत ठेवलं होतं ते, शेवटच्या दिवशी ठेवणं ही नेहमीची चूक. वारा सुटला की बोट रद्द होते आणि हिवाळ्यात हे वारंवार घडतं. पहिल्याच पूर्ण दिवसाचं तिकीट घ्या, म्हणजे दोन दिवस हाताशी राहतात. सगळं मिळून साधारण चार तास लागतात.

केपटाउनमधली डिस्ट्रिक्ट सिक्स ही वस्ती ११ फेब्रुवारी १९६६ला फक्त गोऱ्यांसाठी म्हणून घोषित झाली आणि तिथून साठ हजारांहून जास्त माणसं हलवली. संग्रहालयाच्या जमिनीवर मोठा नकाशा आहे. त्याच दुपारी खायेलित्शा या टाउनशिपला जा, ती शहरापासून तीसेक किलोमीटरवर. जमलं तर मिनीबस टॅक्सीने, मार्गदर्शकासह, दुपारी. प्रत्येकाने थांबा ते थांबा वेळ आणि भाडं लिहायचं. याच खायेलित्शात मे २००१ मध्ये एड्सवरची औषधं सरकारी दवाखान्यांतून द्यायला सुरुवात झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्लाने तीन औषधांचा वर्षाचा खर्च ३५० डॉलरवर आणायचा प्रस्ताव ठेवला होता, जेव्हा पेटंटवाल्या औषधांचा खर्च दहा हजार डॉलरच्या घरात होता. एप्रिलमध्ये ३९ औषध कंपन्यांनी स्वस्त औषधांना वाट देणाऱ्या कायद्यावरून दक्षिण आफ्रिकी सरकारविरुद्ध भरलेला खटला मागे घेतला. व्यवसाय आणि विषमता एकत्र शिकवायला मला यापेक्षा जवळचं उदाहरण माहीत नाही, आणि टूर कंपनीच्या कार्यक्रमात ते कधीच नसतं.

बो-काप हा केपटाउनचा जुना मुसलमान मोहल्ला म्हणजे रंगीत घरांचे फोटो, एवढ्यावर थांबू नका. केपटाउनमध्ये रत्नागिरी-रायगडकडून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून गेलेल्या कोकणी मुसलमानांचा समाज आहे. कोकणातली मुलं गटात असतील तर त्यांना हा धागा शोधायला सांगा. स्टेलनबॉशला द्राक्षमळा पाहायचाच असेल तर वाइन चाखण्याऐवजी मजुरीवर बोला: मजुरीचा भाग दारूत देण्याची जुनी ‘डॉप’ पद्धत, २०१२च्या डी डूर्न्सच्या संपानंतर ६९ रँडवरून १०५ रँड झालेला रोज. नाशिक-सांगलीच्या द्राक्षपट्ट्यातली मुलं तिथे शिक्षकांपेक्षा नेमके प्रश्न विचारतात.

बोलण्याबद्दल आधी स्पष्ट ताकीद द्या. आपण सहज वापरतो तो ‘काफिर’ शब्द तिथे सगळ्यात घाणेरडी वांशिक शिवी आहे, मराठी वाक्यात आला तरी ऐकू जातो आणि त्यावर कारवाई होते. ‘कलर्ड’ ही मात्र तिथली स्वतंत्र समाजओळख आहे, शिवी नाही. सिग्नलला ‘रोबोट’ म्हणतात. ‘जस्ट नाऊ’ म्हणजे आत्ता नाही, केव्हातरी, म्हणून गाडीवाल्याकडून घड्याळाची वेळ घ्या.

सुरक्षेचं तंत्र कंटाळवाणं पण ठाम हवं. गाडीत बॅगा खिडकीशी नाही, पायाशी. सिग्नलला काच फोडून पळवतात. एटीएमपाशी मदतीला आलेल्याला नको म्हणायचं. रस्त्यात मोबाइल हातात नाही, दिशा बघायची तर दुकानात शिरून. अंधार पडल्यावर दोनशे मीटरसाठीही अॅपवरची टॅक्सी. सिमकार्डाला पासपोर्ट लागतो, ते विमानतळावरच उरका. पोलीस १०१११, रुग्णवाहिका १०१७७, मोबाइलवरून ११२.

रोज संध्याकाळी पाऊण तास, मोबाइल बाजूला, वहीत तीन रकाने: पाहिलं, कोणी सांगितलं, मी धरून चाललो. मराठीतच लिहू द्या. इंग्रजीत लिहायला लावलं की पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या वहीत एकसारखी ब्रोशरची वाक्यं येतात. तिसरा रकाना दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत रिकामा असतो, आणि तो भरायला लागला की दौरा रुळावर आला असं समजा. कोणी संग्रहालयानंतर गप्प झालं तर त्या रात्री त्याला बोलायला लावू नका.

परतल्यावर तीन आठवड्यांत अहवाल घ्या, त्याहून उशीर झाला की आठवणींऐवजी इंटरनेट लिहायला लागतं. टोपलीचे दोन तक्ते, पुण्याचा आणि जोहान्सबर्गचा, शेजारी छापा. वस्तीतल्या मार्गदर्शकांना आणि स्टॉकव्हेलच्या बायकांना दोन पानी इंग्रजी सारांश पाठवा, त्यांचे फोटो छापण्याआधी परवानगी मागा, आणि त्यांनी काही चुकलंय म्हणून कळवलं तर ती दुरुस्ती अहवालात त्यांच्या शब्दांत जोडा.